प्लगइन टाकलंय, तरी पान म्हणतं ‘सापडले नाही’: चौथ्यांदा टाकण्याआधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कामाच्या संकेतस्थळावर कागदपत्रांवर डिजिटल सही करायची आहे. यूएसबी टोकन (सहीचं प्रमाणपत्र असलेलं, पेनड्राइव्हसारखं उपकरण) आहे, संकेतस्थळाने दिलेलं ‘प्लगइन’ क्रोममध्ये टाकलेलं आहे. तरी पान दर वेळी ‘प्लगइन सापडले नाही, कृपया इन्स्टॉल करा’ असंच सांगतं. तीन वेळा काढून पुन्हा टाकलं, हिस्टरी आणि कॅशे पुसली. शेजारच्या सहकाऱ्याच्या संगणकावर मात्र सगळं सुरळीत चालतं. सोबतची सूचनापुस्तिका ‘प्लगइन्सच्या पानावर जाऊन नाव दिसतं का बघा’ म्हणते, पण ते पान उघडतच नाही. आता विंडोज नव्याने टाकावी का?

नको. विंडोजला हात लावू नका आणि प्लगइनही चौथ्यांदा काढू नका. लोकांच्या संगणकांवरच्या असल्या अडचणी सोडवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि सगळ्यात जास्त वेळ या काढण्या-घालण्यातच वाया जाताना मी पाहिला आहे. काढून पुन्हा टाकलं की कधीकधी चालतं, म्हणून ती सवय लागते. पण दर वेळी आपण बिघाडाच्या खुणा पुसतो. कुठली परवानगी बंद होती, कुठला संदेश आला होता, कुठली आवृत्ती होती, काहीच उरत नाही. शिवाय एक्स्टेंशन काढलं की त्याने ब्राउझरमध्ये साठवलेली माहितीही जाते. सही करायच्या एक्स्टेंशनमध्ये साठवण्यासारखं फारसं नसतं. पण नोंदी ठेवणारं किंवा जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन असेल, तर वर्षानुवर्षं जमवलेले नियम आणि याद्या एका क्लिकमध्ये नाहीशा होतात. त्यामुळे कुठलंही एक्स्टेंशन काढण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ आहे का ते बघा आणि ती फाइल बाजूला ठेवा.

सूचनापुस्तिकेचा गोंधळ आधी संपवू, कारण ‘प्लगइन’ हा शब्दच इथे दिशाभूल करतोय. खरं प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या आत बसून थेट यंत्रभाषेत चालणारा प्रोग्रॅम. १९९० च्या दशकाच्या मध्यात नेटस्केपने ही सोय आणली आणि फ्लॅश, जावा अ‍ॅपलेट, सिल्व्हरलाइट हे सगळे त्याच वाटेने आले. इंटरनेट एक्स्प्लोररकडे त्याच कामासाठी अ‍ॅक्टिव्हएक्स होतं. हे प्रोग्रॅम संगणकात जवळपास काहीही करू शकत, त्यामुळे त्यांतली एखादी त्रुटी सापडली की अख्खा संगणक उघडा पडे. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत ही वाट पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश वगळता बाकी सगळी प्लगइन्स बंद केली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर फ्लॅश प्लेयर स्वतःच मजकूर चालवायला नकार देऊ लागला. तुमची पुस्तिका ज्या पानाबद्दल बोलते, ते क्रोममधून २०१७ मध्येच काढलं गेलं. पुस्तिका त्याआधीची आहे. ती बाजूला ठेवा.

एखादं संकेतस्थळ आजही फ्लॅश किंवा जावा अ‍ॅपलेट मागत असेल, तर त्याची ‘जुनी आवृत्ती’ शोधत फिरू नका. त्या नावाने जे डाउनलोड मिळतं, त्यात घातक प्रोग्रॅम असण्याचीच शक्यता जास्त. अ‍ॅक्टिव्हएक्सवर अडकलेल्या अंतर्गत संकेतस्थळांसाठी एजमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर मोड आहे. तेवढाच सरळ मार्ग उरला आहे.

आज आपण ज्याला सवयीने प्लगइन म्हणतो, ते असतं एक्स्टेंशन. फायरफॉक्स त्यालाच अ‍ॅड-ऑन म्हणतो. एक्स्टेंशनला ब्राउझर एका चौकटीत ठेवतो. त्याला तुमचं यूएसबी टोकन दिसत नाही, तुमच्या डिस्कवरच्या फाइल मनाला येईल तशा वाचता येत नाहीत. मग सही कशी होते? त्यासाठी संगणकात वेगळा मदतनीस प्रोग्रॅम बसवावा लागतो. म्हणजे तुमच्या बाबतीत गोष्ट एक नसून चार कड्यांची साखळी आहे: संकेतस्थळाचं पान, ब्राउझरमधलं एक्स्टेंशन, विंडोजमधला मदतनीस प्रोग्रॅम आणि त्याच्यापलीकडे टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला टोकनशी बोलता यावं यासाठीचा प्रोग्रॅम. यातली कुठलीही कडी तुटली तरी पानाला एवढंच कळतं की पलीकडून उत्तर आलं नाही. मग ते आपलं ठरलेलं वाक्य छापतं: प्लगइन सापडले नाही. तुम्ही तीनदा जे बदललंत ती बहुधा शाबूत असलेली कडी होती.

आता तपास. सुरुवात साध्या गोष्टींपासून करा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

ज्या ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकलं त्याच ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडताय ना? ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक केलं की विंडोज तो दुवा तिच्या मुख्य ब्राउझरमध्ये उघडते, आणि तो एज असू शकतो. एज आणि क्रोम दिसायला सारखे असल्याने हे पटकन लक्षात येत नाही. दुसरं, क्रोममध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र बघा. तिथे दोन प्रोफाइल असतील, एक घरच्या खात्याचं आणि एक कामाचं, तर प्रत्येकाची एक्स्टेंशन्स वेगळी असतात. तिसरं, खाजगी विंडो. क्रोमच्या इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेंशन आपोआप चालत नाही, त्याच्या तपशिलात जाऊन ‘अलाउ इन इन्कॉग्निटो’ चालू करावं लागतं. फायरफॉक्समध्येही २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून हाच नियम आहे.

चौथी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. क्रोममध्ये एक्स्टेंशन टाकताना जी पानं आधीपासून उघडी असतात, त्यांत ते शिरत नाही. ते नव्याने उघडलेल्या किंवा रिफ्रेश केलेल्या पानातच काम करतं. फायरफॉक्स उघड्या पानांतही ते घुसवतो, म्हणून ‘फायरफॉक्समध्ये लगेच चाललं, क्रोममध्ये नाही’ अशी तक्रार येते. एक्स्टेंशन टाकलं की त्या संकेतस्थळाचे सगळे टॅब बंद करून नव्याने लॉगिन करा. टूलबारवर चिन्ह दिसत नाही म्हणजे एक्स्टेंशन गेलं, असंही समजू नका. क्रोम ते कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हामागे ठेवतो. तिथून पिन केलं की ते बाहेर येतं.

आता परवानग्या. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘मॅनेज एक्स्टेंशन्स’ उघडा आणि तुमच्या एक्स्टेंशनच्या ‘डिटेल्स’वर जा. तिथे ‘साइट अ‍ॅक्सेस’ असा भाग असतो आणि त्यात तीन पर्याय: क्लिक केल्यावरच, ठराविक संकेतस्थळांवर, सगळ्या संकेतस्थळांवर. कुणी काळजीपोटी ‘क्लिक केल्यावरच’ निवडून ठेवलं असेल, तर एक्स्टेंशन चालू दिसतं, निळं बटण पेटलेलं असतं, पण पानाने हाक मारली तरी ते ओ देत नाही. मी इथे ‘सगळ्या संकेतस्थळांवर’ असं सांगणार नाही. ‘ठराविक संकेतस्थळांवर’ निवडा आणि फक्त तुमच्या कामाचा पत्ता लिहा. सही करणाऱ्या एक्स्टेंशनला तुमची बातम्यांची पानं वाचायचं काही कारण नाही. लॉगिनचं पान एका पत्त्यावर आणि सहीचं पान दुसऱ्या उपपत्त्यावर असेल, तर दोन्ही घाला. इथे बरेच जण चुकतात. फायरफॉक्समध्येही अ‍ॅड-ऑनच्या ‘परमिशन्स’ टॅबमध्ये हे बघा, कारण नव्या धाटणीच्या अ‍ॅड-ऑनची संकेतस्थळांची परवानगी तिथे वापरणाऱ्याच्या हातात असते आणि ती केव्हाही काढून घेता येते.

त्याच तपशिलाच्या पानावर ‘अलाउ अ‍ॅक्सेस टू फाइल यूआरएल्स’ असंही एक बटण आहे. संगणकावरची पीडीएफ फाइल ब्राउझरमध्ये उघडून तिच्यावर काम करणारी एक्स्टेंशन्स हे बटण बंद असेल तर काहीच करत नाहीत, आणि कित्येक तर तसं सांगतही नाहीत. तुमचं काम संकेतस्थळावरच होत असेल तर ते बंदच राहू द्या.

इथवर सगळं ठीक निघालं, तर अंदाज सोडा आणि यंत्र काय म्हणतंय ते वाचा. मॅनेज एक्स्टेंशन्सच्या पानावर वर उजवीकडे ‘डेव्हलपर मोड’ चालू करा. हे तपासापुरतं आहे, काम झालं की बंद करा. आता एक्स्टेंशनच्या चौकटीत ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा दुवा दिसेल आणि कधीकधी ‘एरर्स’ असं बटणही. सर्व्हिस वर्करपुढे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तो बिघाड नाही. नव्या रचनेत एक्स्टेंशनचा हा भाग साधारण ३० सेकंद काम नसलं की झोपतो आणि काम आलं की उठतो. त्या दुव्यावर क्लिक करा, एक खिडकी उघडेल, तिथला ‘कन्सोल’ टॅब, जिथे चुकांचे संदेश उमटतात, उघडा ठेवा. मग सहीच्या पानावर जा, तिथे एफ१२ दाबून त्या पानाचाही कन्सोल उघडा आणि सहीचं बटण दाबा. दोन्ही खिडक्यांत काय उमटतं ते अक्षर न अक्षर टिपून घ्या. फायरफॉक्समध्ये हेच काम अ‍ॅड-ऑन्सच्या पानावरच्या चाकाच्या चिन्हातून ‘डीबग अ‍ॅड-ऑन्स’ निवडून ‘इन्स्पेक्ट’ने होतं.

पानाच्या कन्सोलमध्ये ‘रिसीव्हिंग एंड डज नॉट एक्झिस्ट’ असं आलं, तर पानाची हाक ऐकायला एक्स्टेंशनचा कान तिथे नाही. ते बंद असेल, परवानगी नसेल किंवा पान रिफ्रेश व्हायचं राहिलं असेल. ‘एक्स्टेंशन कॉन्टेक्स्ट इन्व्हॅलिडेटेड’ आलं, तर पान उघडं असताना एक्स्टेंशन मागे अपडेट झालं आहे. पान रिफ्रेश केलं की संपलं.

सर्व्हिस वर्करच्या कन्सोलमध्ये ‘स्पेसिफाइड नेटिव्ह मेसेजिंग होस्ट नॉट फाउंड’ असं आलं, तर एक्स्टेंशन ठणठणीत आहे आणि त्याला मदतनीस प्रोग्रॅम (नेटिव्ह मेसेजिंग होस्ट म्हणजे तोच) सापडत नाहीये. तुमच्या वर्णनावरून माझा संशय याच ओळीवर आहे. ‘अ‍ॅक्सेस टू द स्पेसिफाइड नेटिव्ह मेसेजिंग होस्ट इज फॉरबिडन’ असेल, तर मदतनीस सापडला, पण तो या एक्स्टेंशनला ओळखत नाही. प्रत्येक एक्स्टेंशनला ३२ अक्षरांची ओळख असते आणि मदतनीसाकडे परवानगी असलेल्या ओळखींची यादी असते. एकच एक्स्टेंशन क्रोमच्या स्टोअरमधून आणि एजच्या स्टोअरमधून घेतलं तर दोन्हींची ओळख वेगळी असू शकते, आणि मदतनीसाच्या यादीत त्यांतली एकच असते. निर्माता ज्या स्टोअरचा दुवा देतो, तिथूनच घ्या. ‘नेटिव्ह होस्ट हॅज एक्झिटेड’ म्हणजे मदतनीस सुरू झाला आणि कोसळला. तेव्हा टोकनच्या ड्रायव्हरकडे आणि अँटिव्हायरसकडे बघा.

आणखी एक संदेश वेगळा सांगतो, कारण त्याने मला एकदा दोन दिवस गुंतवून ठेवलं होतं. ‘एरर व्हेन कम्युनिकेटिंग विथ द नेटिव्ह मेसेजिंग होस्ट’. लहान कागदपत्रांवर सही होत होती, मोठ्यांवर नाही. टोकन बदललं, केबल बदलली, काही फरक नाही. मदतनीस प्रोग्रॅमकडून ब्राउझरकडे येणाऱ्या एका संदेशाला क्रोममध्ये १ एमबीची मर्यादा आहे. तो प्रोग्रॅम सही केलेली अख्खी फाइल एकाच दमात परत पाठवत होता. फाइल मोठी झाली की ब्राउझर संबंध तोडायचा. यावर वापरणाऱ्याच्या हातात उपाय नाही. निर्मात्याने फाइलचे तुकडे करून पाठवायला हवेत. पण कारण कळलं की निदान माणूस टोकनला दोष देणं थांबवतो आणि निर्मात्याला नेमकं काय सांगायचं ते त्याला कळतं.

आता ‘होस्ट नॉट फाउंड’कडे परत येऊ, कारण सहकाऱ्याकडे चालतं आणि तुमच्याकडे नाही, याचं कोडं मला तिथेच सुटताना दिसतं. विंडोजवर मदतनीस प्रोग्रॅम बसतो तेव्हा तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, एक नोंद करतो: या नावाचा मदतनीस अमुक ठिकाणी आहे. क्रोम ती नोंद वाचून त्याला सुरू करतो. ही नोंद दोन ठिकाणी होऊ शकते, संगणकाच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी किंवा फक्त चालू वापरकर्त्यासाठी. एका कार्यालयात मी हाच बिघाड शोधत होतो. प्रोग्रॅम जागेवर, एक्स्टेंशन चालू, फाइल शाबूत, तरी नॉट फाउंड. शेवटी मी इन्स्टॉल करणाऱ्याला म्हटलं, माझ्यासमोर पुन्हा एकदा कर. इन्स्टॉलर सुरू झाला, विंडोजने प्रशासकाचा पासवर्ड मागितला, आणि त्याने स्वतःच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड घातला. त्या क्षणापासून इन्स्टॉलर त्याच्या खात्याखाली चालत होता. नोंद झाली ती त्याच्या खात्यात. संगणकावर रोज बसणाऱ्या बाईंच्या खात्यात काहीच नव्हतं. त्याने स्वतःच्या खात्यातून लॉगिन करून दाखवलं की सगळं चालायचं, आणि बाईंनाच सांगितलं जायचं की तुम्ही काहीतरी चुकवताय. त्या महिनाभर हे ऐकत होत्या.

तुमच्या सहकाऱ्याच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार असतील, तर इन्स्टॉलर त्यांच्याच खात्याखाली चालला असणार आणि नोंद बरोबर जागी पडली असणार. तुमच्याकडे पासवर्ड दुसऱ्या कुणी घातला असेल, तर उत्तर इथेच आहे. इन्स्टॉलरमध्ये ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी’ असा पर्याय असेल तर तो निवडून टाकायला सांगा. नसेल तर संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सांगा, की नेटिव्ह मेसेजिंग होस्टची नोंद त्याच्या खात्यातून माझ्या खात्यात किंवा संगणकाच्या सामाईक भागात आण. जाणकाराला हे पाच मिनिटांचं काम आहे. रजिस्ट्रीची सवय नसेल तर स्वतः हात घालू नका.

लिनक्सवर मात्र याच संदेशाचं कारण निराळं असू शकतं. तिथे ब्राउझर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या पॅकेजप्रकारांच्या रूपात असेल, तर तो बंदिस्त असतो आणि बाहेरचा मदतनीस त्याला दिसत नाही किंवा चालवता येत नाही. उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्याच रूपात येतो. तिथे ब्राउझरचं साधं पॅकेज बसवून बघा.

काही निर्माते एक्स्टेंशनचा मार्गच घेत नाहीत. त्यांचा मदतनीस तुमच्याच संगणकावर छोटा सर्व्हर बनून बसतो आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतं. पानाच्या कन्सोलमध्ये हा पत्ता आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसलं, तर तो प्रोग्रॅम चालूच नाही. घड्याळाजवळच्या चिन्हांत तो दिसतो का बघा. नावात ‘सर्ट’ असलेली चूक दिसली, तर त्याचं स्थानिक प्रमाणपत्र ब्राउझरला मान्य नाही, आणि ते निर्मात्याच्या इन्स्टॉलरनेच बसवायला हवं. इथे नवी भर अशी, की २०२५ च्या अखेरीस आलेल्या १४२ व्या आवृत्तीपासून क्रोम अशा जोडणीआधी तुम्हाला विचारतो, की हे संकेतस्थळ तुमच्या स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांशी बोलू इच्छितं, चालेल का. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं तर काल चालणारी सही आज बंद पडते. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ती परवानगी परत देता येते.

साखळीचं पलीकडचं टोकही एकदा तपासा. टोकनसोबत आलेला त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम उघडा. त्यात तुमचं प्रमाणपत्र आणि त्याची मुदत दिसते का? तिथेच दिसत नसेल तर ब्राउझरला काय दिसणार. पिन मात्र अंदाजाने पुन्हा पुन्हा घालू नका. ठराविक चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं, आणि ते उघडण्यात जाणारा वेळ या सगळ्या तपासापेक्षा जास्त असतो.

कधी एक्स्टेंशन कुणी न काढताच बंद झालेलं आढळतं. याची कारणं निरनिराळी आहेत. अपडेटमध्ये त्याने जास्त परवानग्या मागितल्या, तर क्रोम ते थांबवून तुमच्या होकाराची वाट बघतो. होकार देण्याआधी नव्या परवानग्या वाचा. फाइल बिघडली असेल तर ‘रिपेअर’ बटण दिसतं, आणि इथे मात्र ते दाबणंच योग्य. संस्थेने धोरण लावून बंद केलं असेल तर मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असं दिसतं. मग घरगुती उपाय चालत नाहीत, संबंधित विभागालाच सांगावं लागतं. जुन्या रचनेची, म्हणजे मॅनिफेस्टच्या (एक्स्टेंशनची रचना ब्राउझरला सांगणारी फाइल) दुसऱ्या आवृत्तीची एक्स्टेंशन्स क्रोमने जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये ती पूर्ण बंद झाली. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यातच गेलं. क्रोमवर आता त्याचं लाइट रूप मिळतं, मूळ रूप फायरफॉक्सवर चालू आहे.

फायरफॉक्सची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. ४ मे २०१९ ला अ‍ॅड-ऑन्सवर सही करणाऱ्या मोझिलाच्या (फायरफॉक्स बनवणारी संस्था) एका मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर लोकांची अ‍ॅड-ऑन्स एकाएकी बंद पडली. त्या दिवशी ज्यांनी घाईने सगळी अ‍ॅड-ऑन्स काढून टाकली, त्यांची साठवलेली माहिती गेली. ज्यांनी वाट पाहिली, त्यांना दुरुस्ती आल्यावर सगळं परत मिळालं. नंतर १४ मार्च २०२५ ला मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा १२८ च्या आधीच्या बहुतेक आवृत्त्यांना हाच धोका होता. त्यामुळे एका दिवसात सगळीच अ‍ॅड-ऑन्स गेली, तर आधी संगणकाची तारीख आणि ब्राउझरची आवृत्ती बघा.

दुसऱ्या एक्स्टेंशनचा अडथळा असण्याची शक्यता राहते. ती तपासायला काहीही काढावं लागत नाही. क्रोममध्ये नवं प्रोफाइल उघडा, त्यात फक्त हे एकच एक्स्टेंशन टाका आणि सही करून बघा. चाललं, तर जुन्या प्रोफाइलमधली निम्मी एक्स्टेंशन्स बंद करा, पुन्हा बघा, मग दोषी ज्या अर्ध्यात असेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. वीस असली तरी पाच फेऱ्यांत दोषी सापडतं. जाहिराती आणि मागोवा अडवणारी आधी बघा, स्थानिक पत्त्यावर जाणाऱ्या विनंत्या त्यांच्याकडून अडवल्या जाऊ शकतात. फायरफॉक्समध्ये मदतीच्या मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. तो सगळी अ‍ॅड-ऑन्स एकदम बंद करतो. त्यामुळे पान मुळातच बिघडलं आहे का हे कळतं, पण तुमचं सहीचं अ‍ॅड-ऑनही त्यात बंद होतं, हे ध्यानात असू द्या.

नव्याने टाकायची वेळ आलीच, तर शोधयंत्रात नाव टाकून पहिला दुवा उघडू नका. त्याच नावाची, तसंच चिन्ह असलेली नकली एक्स्टेंशन्स स्टोअरमध्येही येऊन जातात. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून स्टोअरच्या पानावर जा, प्रकाशकाचं नाव जुळवा. आधी मदतनीस प्रोग्रॅम, मग एक्स्टेंशन, मग ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा चालू. कुणी झिपची फाइल देऊन ‘डेव्हलपर मोड चालू करा आणि लोड अनपॅक्ड दाबा’ म्हणत असेल, तर तो माणूस आणि ती फाइल दोन्ही ओळखीची असल्याशिवाय करू नका. तसं टाकलेलं एक्स्टेंशन स्टोअरच्या तपासणीतून गेलेलं नसतं आणि आपोआप अपडेटही होत नाही. स्टोअरमधलंही डोळे मिटून विश्वास ठेवण्याजोगं नसतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवणारं एक्स्टेंशन लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, टाकलं तेव्हा ते चांगलंच होतं. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी यादी बघून वापरात नसलेली एक्स्टेंशन्स काढत जा. सही आणि पैशांच्या कामासाठी वेगळं प्रोफाइल ठेवा, ज्यात त्या कामापलीकडचं एकही एक्स्टेंशन नसेल.

एवढं करूनही अडलं तर निर्मात्याच्या मदत विभागाला लिहा. ‘चालत नाही’ एवढं लिहिलं तर उत्तर येईल, काढून पुन्हा टाका. त्याऐवजी ब्राउझरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, एक्स्टेंशनची आवृत्ती आणि त्याची ३२ अक्षरी ओळख, मदतनीस प्रोग्रॅमची आवृत्ती, दोन्ही कन्सोलमधल्या लाल ओळी जशाच्या तशा, आणि नव्या प्रोफाइलमध्ये काय झालं, हे द्या. इन्स्टॉल करताना कुणाच्या खात्याचा पासवर्ड घातला हेही लिहा, कारण ते कुणी विचारत नाही. टोकनचा पिन कुणालाही, मदत विभागालासुद्धा सांगू नका. ते नेटवर्क टॅबची हार फाइल (पान आणि संकेतस्थळ यांच्यातल्या देवाणघेवाणीची नोंद) मागतील तर ती पाठवण्याआधी संकेतस्थळावरून लॉगआउट करा, कारण तुमच्या चालू लॉगिनच्या कुकीज त्या फाइलमध्ये असू शकतात.